टीव्हीवर गेम झकास, मग रेकॉर्डिंगमध्ये हिरो गायब का?

जुना कन्सोल टीव्हीला लावला की गेम मस्त चालतो, आणि तीच केबल कॅप्चर कार्डात (गेमचं चित्र कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करणाऱ्या उपकरणात) घातली की कधी चित्र ब्लॅक अँड व्हाइट, कधी नुसती निळी स्क्रीन, तर कधी चक्क गेममधला हिरोच गायब. मी पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा कार्ड बिघडलं समजून बदलायला निघालो होतो. कार्ड ठणठणीत होतं.

खरी मेख सिग्नलमध्ये आहे. एनटीएससी पद्धतीत (अमेरिका, जपानची जुनी टीव्ही पद्धत) एक पूर्ण चित्र ५२५ ओळींचं असतं, पण ते एका दमात येत नाही, आधी एकाआड एक ओळी येतात आणि मग मधल्या राहिलेल्या, म्हणजे २६२.५ ओळींचे दोन हप्ते, त्यांना फील्ड म्हणतात. ती जी अर्धी ओळ आहे ना, तिच्यामुळेच दुसरं फील्ड पहिल्याच्या फटीत जाऊन बसतं. निन्टेन्डो, सेगाच्या जुन्या कन्सोलनी ती अर्धी ओळच खाऊन टाकली. २६२ ओळी पाठवल्या की पुढचं फील्ड फटीत न जाता परत त्याच जागेवर पडतं, ओळी निम्म्या होतात पण चित्र थरथरत नाही आणि सेकंदाला ६० वेळा नवं येतं. यालाच आता २४०पी म्हणतात. ब्रॉडकास्टच्या नियमात हे कुठेच बसत नव्हतं, शुद्ध जुगाड. ट्यूबच्या टीव्हीला मात्र काही फरक पडायचा नाही कारण तो ओळी मोजत बसत नाही, सिंकचा इशारा आला की पुढची ओळ सुरू, बास.

कॅप्चर कार्ड तसं नाही. त्याला सांगितलंय की येणारा सिग्नल ४८०आय, म्हणजे नेहमीचा दोन फील्डवाला आहे, मग ते दोन फील्ड घेतं आणि जोडून एक फ्रेम बनवतं, पण इथे ती एका चित्राची दोन अर्धुकं नसून दोन वेगळी चित्रं आहेत! म्हणून धावणाऱ्या पात्राच्या कडांना कंगव्यासारखे दाते दिसतात. आणि मार बसल्यावर हिरो लुकलुकतो तेव्हा तो एका फील्डमध्ये असतो, पुढच्यात नसतो. कार्डाने दोनातलं एकच फील्ड ठेवलं तर हिरो एकतर सलग दिसतो नाहीतर पूर्ण गायब.

वर वेगही जुळत नाही. सुपर निन्टेन्डोचा एनटीएससी कन्सोल सेकंदाला साधारण ६०.१ चित्रं देतो, नियम ५९.९४ चा, म्हणजे दर सहा-एक सेकंदांनी एक चित्र जास्तीचं उरतं आणि ते कुठेतरी टाकावंच लागतं.

रंगांचं दुखणं वेगळं. पाल पद्धतीत (युरोप, भारतातली जुनी टीव्ही पद्धत) ६२५ ओळी, ५० फील्ड आणि रंग वाहून नेणारी लहर ४.४३ मेगाहर्ट्झची, एनटीएससीची ३.५८. कार्ड ३.५८ वर रंग शोधत बसलं आणि रंग ४.४३ वर असले तर त्याला ते सापडतच नाहीत, उजेड-अंधार तेवढा कळतो, म्हणून चित्र ब्लॅक अँड व्हाइट. एस-व्हिडिओ (रंग आणि उजेड वेगळ्या तारांनी नेणारी केबल) लावूनही हे सुटत नाही कारण रंग तिथेही त्याच लहरीवर असतात. आरजीबी किंवा कंपोनंट केबलमध्ये रंग वेगवेगळ्या तारांतून जातात, ती लहरच नसते, त्यामुळे ही भानगड मिटते. पण नुसता पिन बदलणारा अडॅप्टर आणून काही होत नाही, त्याने फक्त तोंड बदलतं, आतला सिग्नल तोच.

मग मध्ये स्केलर लावतात, म्हणजे सिग्नल कार्डाला झेपेल असा बदलून देणारा डबा. ओएसएससीसारखा लाइन डबलर आलेली ओळ लगेच दोनदा पाठवतो, त्यामुळे खेळताना उशीर जवळपास शून्य, पण ६०.१ चा विचित्र वेग तसाच पुढे जातो आणि काही कार्डं तो घ्यायलाच तयार नसतात. अख्खी फ्रेम साठवून नियमाच्या वेगाने पाठवणारा स्केलर कार्डाला आवडतो, खेळणाऱ्याला किंचित उशीर सोसावा लागतो. माझं मत विचाराल तर रेकॉर्डिंगच करायचं असेल तर हा फ्रेम साठवणाराच घ्या.

पीएस३ (प्लेस्टेशन ३) ची गोष्ट मात्र निराळीच, तिथे फॉरमॅट जुळतो, कार्डाला चित्र समजलंही असतं, पण एचडीएमआयवर एचडीसीपीचं, म्हणजे कॉपी रोखणारं कुलूप असतं आणि ते बंद करायची सोयच नाही. म्हणून लोक एचडीएमआय बाजूला ठेवून कंपोनंटची केबल लावायचे, ॲनालॉगवर ते कुलूप नव्हतं. पीएस४ ला सोनीने सेटिंगमध्येच ते बंद करायचा पर्याय दिला.