पियानोत अवघड असतं ते नेमकं काय?

‘ट्विंकल ट्विंकल’ची चाल पियानोच्या क्लासमध्ये पहिल्या काही आठवड्यांतच शिकवतात. ही चाल मूळची फ्रेंच. मोझार्टने तिच्यावर बारा व्हेरिएशन्स, म्हणजे त्याच चालीची बदलत जाणारी रूपं, रचली आणि ती १७८५ मध्ये व्हिएन्नात छापून आली. सुरुवातीला नुसती चाल येते, उजव्या हातात एकेक स्वर आणि डाव्या हातातही जवळपास तेवढेच. पहिल्या व्हेरिएशनमध्ये उजवा हात पळायला लागतो. दुसऱ्यात तेच पळणं डाव्या हाताकडे जातं. आठव्यात सगळं मायनरमध्ये, म्हणजे जरा उदास वाटणाऱ्या स्वरांत, शिरतं आणि बाराव्यात दोनाचा ताल सोडून तीनाचा धरला जातो. चाल शेवटपर्यंत ओळखू येते. पण नुसती चाल नवशिकं मूल काही दिवसांत वाजवतं आणि ही बारा व्हेरिएशन्स सफाईने वाजवायला त्याच मुलाला बरीच वर्षं लागतात.

चाल तीच असेल तर अवघड काय झालं? शिकणाऱ्याला विचारलं तर उत्तर येतं, ‘स्पीड’. पालकांनाही तसंच वाटतं. बोटं पळायला लागली की मूल पुढे गेलं असं ते समजतात. गेल्या पन्नासेक वर्षांत मानसशास्त्राने आणि मेंदूविज्ञानाने पियानो वाजवणाऱ्यांचा पुष्कळ अभ्यास केला आहे आणि त्यातून निघणारं उत्तर वेगळं आहे. एका क्षणी मेंदूला लक्ष देऊन किती गोष्टी सांभाळाव्या लागतात, त्यावर पीस (वाजवायची रचना) सोपा की अवघड हे ठरतं. त्यातली एकेक गोष्ट लक्ष न देता व्हायला लागली की पुढच्या गोष्टीला जागा होते. वेग त्यानंतर येतो, आणि बराचसा आपसूक येतो.

पहिली खरी अडचण असते डाव्या हाताची. महाराष्ट्रात पियानो किंवा कीबोर्डकडे वळणारे बरेच जण आधी पेटी शिकलेले असतात. त्यांच्या बाबतीत ही अडचण अगदी ठळक दिसते. पेटीवर डावा हात भात्यावर असतो आणि सगळं गाणं उजव्या हातात. त्यामुळे उजव्या हाताची बोटं तयार, कान तयार, काळी दोन म्हटलं की पट्टी न बघता सापडते. असा माणूस पियानोसमोर बसला की पहिल्याच दिवशी उजव्या हाताने नाट्यपद वाजवतो, आणि डाव्या हातात दोन साधे स्वर धरायला सांगितले की उजवाही अडखळतो. त्याने खचून जायचं काही कारण नाही. प्रत्येक हात मेंदूच्या विरुद्ध बाजूच्या अर्ध्या भागाच्या ताब्यात असतो आणि हे दोन भाग मज्जातंतूंच्या एका जाड जुडग्याने जोडलेले असतात. एक हात काही करू लागला की दुसऱ्यालाही तेच करावंसं वाटतं, ही आपली जन्मजात खोड आहे. पियानो शिकणं म्हणजे बऱ्याच अंशी ही खोड मोडणं.

ती किती पक्की असते हे स्कॉट केल्सो या शास्त्रज्ञाने १९८०च्या दशकात दाखवून दिलं. दोन्ही तर्जन्या समोर धरा आणि दोन्ही एकाच दिशेला हलवा. दोन्ही डावीकडे, मग दोन्ही उजवीकडे. हळूहळू वेग वाढवा. एका ठरावीक वेगानंतर बोटं आपलं ऐकत नाहीत. ती एकदम आरशातल्यासारखी हलायला लागतात, म्हणजे दोन्ही आत, मग दोन्ही बाहेर. उलटं मात्र होत नाही. आरशासारख्या हालचालीपासून सुरुवात केली तर वेग कितीही वाढवला तरी ती तशीच टिकते.

आता हेच पियानोवर बघू. शुद्ध स्वरांचं सप्तक पांढरी एकपासून दोन्ही हातांनी एकदम वर चढवत न्यायचं आहे. उजव्या हाताने सा रे ग अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाने घेतले की अंगठा तळव्याखालून सरकवून मवर आणायचा आणि तिथून पुढे जायचं. डाव्या हाताची सुरुवात करंगळीने होते. सा ते प या पाच स्वरांत त्याची पाचही बोटं संपतात, मग मधलं बोट अंगठ्यावरून टाकून ध घ्यायचा. म्हणजे उजवा हात वळतो मवर आणि डावा वळतो धवर. दोन्ही हातांचं एकच बोट एका वेळी पडतं ते फक्त ग आणि ध या दोन स्वरांवर, बाकी सगळीकडे जोड्या बेमेळ. कानाला हे सगळ्यात सोपं सप्तक आहे. हातांना ते मुळीच सोपं नाही. त्याऐवजी दोन्ही अंगठे मधल्या सावर ठेवून उजवा हात वर आणि डावा हात खाली नेला, तर प्रत्येक स्वराला दोन्ही हातांचं तेच बोट येतं आणि अंगठेही एकाच वेळी वळतात. कागदावर हे जास्त अवघड दिसतं, बऱ्याच नवशिक्यांना ते आधी जमतं. ज्यांचे हात एकत्र येतच नाहीत त्यांनी सप्तकाची सुरुवात या उलट्या दिशांनी करून बघावी असं मला मनापासून वाटतं.

हंगेरीचा संगीतकार बेला बार्तोक याने हा प्रश्न फार बारकाईने हाताळला आहे. त्याच्या ‘मिक्रोकॉसमॉस’ या सहा भागांच्या संग्रहात १५३ छोटे पीस आहेत. १९२६ ते १९३९ या काळात ते लिहिले गेले आणि पहिले दोन भाग त्याने आपल्या मुलाला, पेटरला, अर्पण केले. पहिल्या सहा पीसमध्ये दोन्ही हात एकच चाल वाजवतात. चाल पाच बोटांच्या आवाक्यातच राहते, त्यामुळे अंगठा वळवायचा प्रश्न येत नाही. पुढे हात आळीपाळीने येतात, कुठे आरशातल्यासारखे चालतात, मग हळूहळू स्वतंत्र होतात. प्रत्येक पीसमध्ये नवी गोष्ट शक्यतो एकच. शेवटच्या भागात बल्गेरियन तालातले सहा नाच येतात. त्यात एका आवर्तनातल्या मात्रा चार, दोन, तीन अशा विषम तुकड्यांत पडतात, आणि ते वाजवताना चांगल्या वादकालाही घाम फुटतो. पहिला पीस आणि शेवटचा पीस यांत एवढं अंतर असूनही मधली एकही पायरी अचानक उंच झालेली जाणवत नाही, हे त्या संग्रहाचं मोठेपण आहे.

सगळेच पीस इतके सरळ चढत नाहीत. बेथोव्हेनचा ‘फ्युअर एलिझे’ घ्या. १८१० साली लिहिलेला हा पीस त्याच्या मृत्यूनंतर चाळीस वर्षांनी, १८६७ मध्ये छापला गेला आणि आज जगातला जवळजवळ प्रत्येक नवशिका तो वाजवायला बघतो. सुरुवात जमतेही. कारण तिथे दोन्ही हात एकत्र फारसे येतच नाहीत. उजवा हात एकटाच आठ स्वर वाजवतो, नवव्याला डावा त्याच्याबरोबर पडतो, मग डावा तीन स्वर चढतो तेव्हा उजवा थांबलेला, आणि उजवा पुढचे तीन स्वर घेतो तेव्हा डावा मोकळा. ऐकणाऱ्याला दोन हातांचं संगीत ऐकू येतं, वाजवणाऱ्याला मात्र एका वेळी एकाच हाताकडे बघावं लागतं. मग मधला भाग येतो. डाव्या हातात मोडलेले कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर एकेक करून घेतलेले), वर उजव्या हाताची चाल, आणि लगेच बारीक स्वरांची झड. पुढे तर डाव्या हातात एकच स्वर सारखा ठोकत राहायचा आणि वर कॉर्ड बदलत न्यायचे. इथे बहुतेक जण थांबतात. कित्येक घरांत हा पीस पहिल्या पानापुरताच वाजतो.

शिक्षक सहज वाजवतात तो हा मधला भाग नेमका कसा? एका अर्थी ते कमी गोष्टी वाजवत असतात. नुकतंच वाचायला लागलेलं मूल एकेक अक्षर लावून ‘क-म-ळ’ म्हणतं आणि आपल्याला शब्द एकदम दिसतो, तसंच इथे होतं. नवशिक्याला डाव्या हातातले तीन स्वर तीन वेगळे ठिपके म्हणून दिसतात, जाणत्याला तो ‘ए मायनर’ या कॉर्डचा एकच तुकडा दिसतो, आणि हाताला त्याची ठेवणही ठाऊक असते. लक्षात धरायच्या गोष्टी तीनाच्या एक झाल्या. मानसशास्त्रज्ञ जॉन स्लोबोडा यांनी १९७४ मध्ये हे मोजण्याची एक युक्ती केली. वादक नवं संगीत बघून वाजवत असताना त्यांनी मध्येच समोरचं पान दिसेनासं केलं आणि त्यानंतर तो किती स्वर बरोबर वाजवू शकतो ते पाहिलं. कच्चे वाचक तीन-चार स्वरांत थांबत. सर्वांत चांगले वाचक सुमारे सात स्वरांपर्यंत जात, कारण त्यांची नजर बोटांच्या तेवढी पुढे गेलेली असे. त्यातही ते संगीताचं वाक्य जिथे संपतं तिथपर्यंत जायला बघत.

बोटांच्या ताकदीबद्दल मात्र थोडं सावधपणे बोलायला हवं. तळहात टेबलावर पालथा ठेवा, मधलं बोट आत दुमडा आणि आता अनामिका वर उचलून बघा. जवळपास हलत नाही. बोटं वर उचलणारे स्नायुबंध हाताच्या पाठीवर एकमेकांना आडव्या पट्ट्यांनी जोडलेले असतात आणि अनामिका त्यात सगळ्यात जास्त जखडलेली असते. सरावाने ती बरीच मोकळी वागायला शिकते, पण पट्ट्या तुटत नाहीत आणि जबरदस्ती तर करूच नये. संगीतकार रॉबर्ट शुमानला आधी मोठा पियानोवादक व्हायचं होतं. १८३०च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने बोट वेगळं धरून ठेवणारं एक यंत्र वापरलं. त्याच सुमारास त्याचा उजवा हात बिघडला आणि वादनाची कारकीर्द संपली. यंत्रामुळेच हात गेला की दुसऱ्या आजाराने, यावर अजून मतभेद आहेत. पुढे १८४८ मध्ये त्याने आपल्या मुलींसाठी सोप्या पीसचा एक संग्रह लिहिला. त्यातल्या ४३ पीसपैकी पहिले १८ लहानांसाठी आणि उरलेले जरा मोठ्यांसाठी, अशी वाटणी त्याने स्वतःच केली होती.

रोजच्या रियाझात काय करावं, याबद्दल मला सर्वांत मोलाचा वाटणारा प्रयोग ऑस्टिन इथल्या टेक्सास विद्यापीठातला आहे. रॉबर्ट ड्यूक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २००९ मध्ये प्रसिद्ध केला. पियानो शिकणाऱ्या १७ प्रगत विद्यार्थ्यांना रशियन संगीतकार शोस्ताकोविचच्या एका कॉन्चेर्टोमधला (वाद्यवृंदासोबत वाजवायच्या रचनेतला) छोटासा, अवघड तुकडा दिला. हवा तितका वेळ सराव करा, उद्या वाजवून दाखवा, एवढंच सांगितलं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांचं वादन तपासून क्रम लावला. कोणी किती वेळ सराव केला, किती वेळा वाजवलं, याचा त्या क्रमाशी संबंध लागला नाही. पहिले आलेले तिघे सुरुवातीला इतरांपेक्षा कमी चुकत होते असंही नव्हतं. फरक चुकीनंतर काय केलं त्यात होता. चूक नेमक्या कोणत्या जागी आणि कशामुळे होते ते त्यांनी हेरलं, तेवढीच जागा लय कमी करून घेतली आणि ती पक्की होईपर्यंत सोडली नाही. इतर जण अडखळले की बरेचदा तसेच पुढे जात.

घरोघरी काय चालतं ते आठवा. चूक झाली की मूल पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू करतं. पहिल्या चार ओळी रोज वीस वेळा होतात आणि जिथे अडतं ती जागा तेवढ्याच वेळा चुकीची वाजते. हातांना चूक आणि बरोबर यांतला फरक कळत नाही, जे जास्त वेळा घडलं ते त्यांना पाठ होतं. अडलेल्या जागेच्या एक मात्रा आधीपासून एक मात्रा नंतरपर्यंत एवढाच तुकडा घेऊन, निम्म्या लयीत, पाच मिनिटं बसलं तर तासभराच्या वाजवण्यापेक्षा जास्त हाती लागतं.

आणि मग झोपावं. २००२ मध्ये मॅथ्यू वॉकर यांच्या गटाने हार्वर्डमध्ये उजव्या हाताने काम करणाऱ्या लोकांना डाव्या हाताच्या बोटांनी पाच आकड्यांचा एक क्रम ठरावीक पद्धतीने दाबायला शिकवला. ज्यांना मध्ये रात्रीची झोप मिळाली त्यांचा वेग आणखी सराव न करता सुमारे २० टक्क्यांनी वाढला. तेवढेच तास जागे राहिलेल्यांच्या वेगात लक्षणीय फरक पडला नाही. रात्री कंटाळून अर्धवट सोडलेली जागा सकाळी एकदम जमते, हा अनुभव अनेक वादकांना येतो. परीक्षेच्या आदल्या रात्री जागून वाजवणं त्यामुळे अगदीच उलटं काम आहे.

परीक्षांवरून एक गोष्ट बोलायलाच हवी. मुंबई, पुणे आणि गोव्यात पियानो शिकणारी बहुतेक मुलं ट्रिनिटी किंवा एबीआरएसएम या लंडनच्या संस्थांच्या ग्रेड परीक्षा देतात. पहिली ते आठवी असा तो प्रवास असतो आणि प्रत्येक ग्रेडला साधारण तीन पीस तयार करायचे असतात. परीक्षा वाईट नाहीत, त्यांचा अभ्यासक्रम विचारपूर्वक लावलेला असतो. पण अनेक क्लासमध्ये वर्षभर फक्त ते तीन पीस घोटून घेतात. मूल तिसरी ग्रेड उत्तम गुणांनी पास होतं आणि पहिल्या ग्रेडचा न पाहिलेला पीस त्याच्यासमोर ठेवला की एकेक स्वर मोजत बसतं. त्याचे तीन पीस बोटांना पाठ झाले, नजरेला तुकडे ओळखायची सवय लागलीच नाही. पुढच्या ग्रेडला त्याला सगळं पुन्हा शून्यापासून उभं करावं लागतं, आणि चौथी-पाचवीच्या आसपास अशी कितीतरी मुलं क्लास सोडून देतात.

उपाय महाग नाही. परीक्षेच्या पीसबरोबर दर आठवड्याला एक-दोन ग्रेड खालचा एखादा नवा पीस द्यायचा. दोन-तीन दिवस वाजवायचा, चांगला झाला नाही तरी सोडायचा, पुढच्या आठवड्यात दुसरा घ्यायचा. वर्षात चाळीसेक पीस डोळ्यांखालून जातात. त्यातले डाव्या हाताचे कॉर्ड तेच ते असतात, लयीचे नमुनेही पुन्हा पुन्हा तेच येतात, आणि बघता बघता मुलाला ते सुटे स्वर न वाटता ओळखीचे तुकडे वाटू लागतात. सोपं पुस्तक हातात दिलं की मुलाला मागे आणलं असं काही पालकांना वाटतं. त्यांना शिक्षकांनी हे समजावून सांगायला हवं. अशी सवय लागलेल्या मुलाला परीक्षेतल्या साइट रीडिंगची, म्हणजे न पाहिलेला पीस बघून वाजवण्याची, तयारी वेगळी करावी लागत नाही, आणि पुढच्या ग्रेडचा पीस पहिल्यांदा उघडला की त्यातलं निम्मं त्याने आधी कुठेतरी वाजवलेलं असतं.