एकाच पोटात दोघी, मग ग्रहण एकीलाच कसं लागलं?

बारशाच्या दिवशी पाळण्याभोवती बायका जमल्या होत्या. धाकटीचं दुपटं जरासं सरकलं आणि तिचा डावा हात दिसला. कोपराच्या खाली दोन बोटांच्या अंतरावर तो संपतो. शेजारच्या एक काकू अगदी मायेने म्हणाल्या, “ग्रहणात काही चिरलं-कापलं असेल गं.” माझी भाची तेव्हा गप्प राहिली. रात्री दोघी मुली निजल्यावर मला म्हणाली, “मावशी, त्या दिवशी डब्याला भेंडी चिरली होती मी. आठवतंय मला.”

तीस वर्षं मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवलं. त्यातला माझा सगळ्यात लाडका भाग म्हणजे गर्भात हात कसा तयार होतो तो. शेकडो मुलांना तो फळ्यावर काढून दाखवला, पण घरच्या मुलीला कधी सांगितला नव्हता. त्या रात्री दोन वाजेपर्यंत सांगत बसले. तेच इथे लिहिते आहे.

मुली ३२व्या आठवड्यात झाल्या, म्हणजे आठ आठवडे आधी. थोरली १,५८० ग्रॅमची, धाकटी १,४१० ग्रॅमची. पंचवीस दिवस पेटीत राहून घरी आल्या. दोघींची वार एकच होती. म्हणजे एकच फलित अंडं दुभंगून या दोघी झाल्या. जनुकं सारखी, आई तीच, जेवण तेच, आणि ग्रहणही तेच. मग हात एकीचाच का? भाचीला छळणारा प्रश्न हाच होता, आणि काकूंना द्यायचं उत्तरही यातच आहे. भेंडी चिरल्याने हात जात असता तर दोघींचेही गेले असते. शाळेत प्रयोग करताना आपण दोन परीक्षानळ्या घेतो, सगळं सारखं ठेवतो आणि मग फरक कुठे पडतो ते पाहतो. इथे ती दुसरी परीक्षानळी पाळण्यात शेजारीच झोपली आहे.

आता हाताकडे येऊ.

गर्भधारणेनंतर साधारण २६व्या दिवशी गर्भाच्या दोन बाजूंना दोन बारीक फुगवटे येतात. या हातांच्या कळ्या. पायांच्या कळ्या एक-दोन दिवस मागून येतात. तेव्हा अख्खा गर्भ तांदळाच्या दाण्याएवढाही नसतो आणि आईची पाळी चुकून जेमतेम बारा दिवस झालेले असतात. कित्येकींना तोवर दिवस गेल्याची खात्रीही नसते. पुढच्या चार आठवड्यांत, म्हणजे आठव्या आठवड्याच्या अखेरीपर्यंत, बोटं सुटी झालेला हात तयार असतो. मग उरलेले सगळे महिने त्याने फक्त वाढायचं असतं.

कळीच्या टोकावर बाहेरच्या थराची एक जाडसर कड उमटते. पुस्तकात तिला एपिकल एक्टोडर्मल रिज म्हणतात. मी वर्गात तिला ‘शिवण’ म्हणायचे, कारण गोधडीच्या काठावरच्या शिवणीसारखीच ती दिसते. या शिवणीचं काम काय, हे १९४८ साली जॉन साँडर्स या जीवशास्त्रज्ञांनी कोंबडीच्या अंड्यावर दाखवलं. अंड्याच्या कवचाला खिडकी पाडायची, आतल्या पिल्लाच्या पंखाच्या कळीवरची शिवण अलगद काढून टाकायची आणि पिल्लू वाढू द्यायचं. शिवण लवकर काढली तर फक्त दंडाचं हाड बनलं, पुढे काहीच नाही. थोडी उशिरा काढली तर कोपर आणि पुढचा हात बनला, पण बोटं नाहीत. आणखी उशिरा काढली तर बोटांची फक्त टोकं बनायची राहिली. पंख खांद्याकडून टोकाकडे बनत जातो आणि शिवण जिथे थांबते तिथे तो संपतो.

मला हा प्रयोग इतका का आवडतो, तर त्यात हाताचा आराखडा आधी काढून ठेवलेला कुठेच नसतो. शिवण आतल्या पेशींना एवढंच सांगत राहते, “वाढत राहा, अजून संपलं नाही.” हे सांगणं एफजीएफ नावाच्या प्रथिनांतून होतं. १९९०च्या दशकात संशोधकांनी शिवण काढून तिच्या जागी या प्रथिनात भिजवलेले बारीक मणी ठेवले, तर पंख पुढे वाढला. एक प्रथिन लावलेला मणी पुरला!

आता शिवण एकटी टिकत नाही. कळीच्या करंगळीकडच्या बाजूला पेशींचा एक पुंजका असतो. साँडर्स आणि मेरी गॅसलिंग यांनी १९६८ साली तो पुंजका उचलून दुसऱ्या पिल्लाच्या कळीवर अंगठ्याच्या बाजूला बसवला, तर पंखाला आरशातल्या प्रतिमेसारखी बोटांची दुसरी जोडी आली. त्या पुंजक्यातून निघणारं प्रथिन १९९३ साली सापडलं, त्याचं नाव सॉनिक हेजहॉग. हे प्रथिन ग्रेमलिन नावाच्या तिसऱ्या प्रथिनाला जागं ठेवतं. ग्रेमलिन हे बीएमपी नावाच्या चौथ्याला अडवतं, कारण बीएमपी वाढलं की शिवण विरून जाते. शिवण टिकली की एफजीएफ येत राहतं, आणि एफजीएफ आलं की सॉनिक हेजहॉग चालू राहतं. म्हणजे पुंजका शिवणीला जगवतो आणि शिवण पुंजक्याला. इथे भाचीने जांभई दिली, आणि तुमचाही धागा सुटत असेल तर नावं विसरा. लक्षात ठेवायचं ते हे, की दोन्हीपैकी एक अडखळलं की दुसरंही बंद पडतं. आणि हे सगळं चालतं ते कळीत शिरणाऱ्या केसाहूनही बारीक रक्तवाहिन्यांच्या जिवावर. त्या वाहिन्या त्याच दिवसांत मोडत आणि नव्याने जुळत असतात. एका बाजूला रक्त थोडा वेळ कमी पडलं तरी फेरा तुटू शकतो. अशा एकाच हाताच्या उणिवेत डॉक्टरांचा पहिला संशय रक्तपुरवठ्यावरच असतो. बहुतेक वेळा तो योगायोग असतो, आनुवंशिक नसतो, पुढच्या बाळात उतरत नाही. एकसारख्या जुळ्यांतही तो बहुधा एकाच बाळात दिसतो, कारण रक्तवाहिन्यांची ती घडी जनुकांवर शिक्का मारून येत नाही.

धाकटीच्या हाताच्या टोकाशी पाच इवले मणी आहेत, मोहरीपेक्षा थोडे मोठे. एका मण्यावर नखाची रेघसुद्धा आहे. मी भिंगातून पाहिली तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते मणी म्हणजे न झालेली पाच बोटं. बाहेरच्या थराने आपलं काम टोकापर्यंत केलं, आतला थर कमी पडला. कधी कधी गर्भजलाच्या पिशवीचा फाटलेला धागा तयार झालेल्या हाताला आवळतो आणि हात खरोखर तुटतो. तेव्हा काच पडल्याची खूण राहते, असे मणी राहत नाहीत. म्हणजे या हाताचं काहीही चिरलं किंवा कापलं गेलेलं नाही. तो तिथून पुढे बनलाच नाही. भाचीला सगळ्यात जास्त धीर या मण्यांनी दिला.

बाहेरच्या गोष्टीने हात अडू शकतो हेही खरं आहे, पण ती गोष्ट म्हणजे चंद्राची सावली नव्हे. १९५७ साली पश्चिम जर्मनीत बाजारात आलेलं थॅलिडोमाइड हे औषध मळमळीवर गर्भवतींना दिलं गेलं. १९६१ साली ते मागे घेईपर्यंत जगात दहा हजारांहून जास्त बाळं हातापायांच्या व्यंगांसह जन्मली. गर्भधारणेनंतरच्या साधारण २०व्या ते ३६व्या दिवसात घेतलेली गोळी घातक ठरायची. बारा दिवस चुकलेल्या पाळीचा हिशेब पुन्हा आठवून पाहा. भीती बाळगायचीच असेल तर त्या दिवसांत मनाने घेतलेल्या गोळ्यांची बाळगा. विळी-चाकूने कुणाचा हात जात नाही.

आता घर. कमी दिवसांच्या बाळाचं पहिलं मागणं असतं ऊब. शेवटच्या महिन्यांत साठणारी चरबी त्याच्याकडे नसते आणि वजनाच्या मानाने कातडी जास्त, म्हणून ते पसरट ताटलीतल्या चहासारखं निवतं. त्यावर सगळ्यात चांगला इलाज १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात सुचला. पेट्या कमी पडत होत्या, म्हणून डॉ. एदगार रे सानाब्रिया यांनी बाळं आयांच्या उघड्या छातीशी बांधली. हीच कांगारू पद्धत. भारत आणि आफ्रिकेतल्या चार देशांत झालेल्या, २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत जन्मानंतर लगेच असं धरलेल्या लहान बाळांमधले पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले. आमच्याकडे दोघी आहेत, त्यामुळे पाळ्या लावल्या. सकाळी भाचीकडे दोघी, दुपारी एक आजीकडे आणि एक माझ्याकडे, रात्री जावईबापूंकडे. त्यांनी शर्ट काढून जुन्या नऊवारीच्या पट्ट्याने मुलीला छातीशी बांधलं, तेव्हा घरात थोडी कुजबुज झाली. आठवडाभरात वजनकाटा बोलला आणि कुजबुज थांबली.

घरातच इतकं करता येतं हा विश्वास आपल्याला गडचिरोलीने दिला. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं आणि नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले, हे १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. आज आशाताई काटा आणि थर्मामीटर घेऊन दारात येतात, त्याच्या मुळाशी हे काम आहे.

भाचीच्या सासूबाईंना धुरी द्यायची होती, घुटी उगाळायची होती, जिभेवर मध लावायचा होता. मी तिन्हींना नाही म्हटलं. नाजूक फुप्फुसांना धूर सोसत नाही, आणि मधातल्या जिवाणूंचे बीजाणू वर्षाखालच्या बाळाच्या आतड्यात विष तयार करू शकतात. हलक्या हाताने तेल लावायला डॉक्टरांची हरकत नव्हती, त्यावर त्यांचं समाधान झालं. लोह आणि ड जीवनसत्त्वाचे थेंब रोज, कारण आईकडून मिळणारा लोहाचा साठा बहुतांशी शेवटच्या तीन महिन्यांत भरतो आणि या दोघी तो पुरता भरण्याआधीच निघून आल्या. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी जन्मापासून महिन्याच्या आत. दोन किलोखालच्या किंवा ३४ आठवड्यांआधीच्या बाळाला ती हवीच, ती टाळल्यामुळे दृष्टी गेलेली मुलं मी पाहिली आहेत. लस मात्र जन्मतारखेनेच द्यायची. वाढ मोजताना आठ आठवडे वजा करायचे. तीन महिन्यांची झाली तरी हसत नाही म्हणून रडू नका, हिशेबाने ती पाच आठवड्यांचीच असते.

धाकटीच्या हाताचं वेगळं असं फारसं करावं लागत नाही. तो हात बाहीत झाकायचा नाही, दुपट्यात आवळायचा नाही, कारण त्या मण्यांच्या कातडीला स्पर्श कळतो आणि तिची बोटं तीच आहेत. पालथी घालताना त्या बाजूला टॉवेलची छोटी गुंडाळी ठेवायची, म्हणजे दोन्ही हातांवर भार येतो. जन्मतः एक हात नसलेल्यांच्या मेंदूत हाताची जागा रिकामी राहत नाही. त्या जागेवर दंड, पाय, ओठ यांचं काम चालतं, हे २०१७च्या एका अभ्यासात मेंदूच्या प्रतिमांवरून दिसलं. म्हणून तिला पाय आणि तोंड वापरू द्यायचं, ‘असं नाही करायचं’ म्हणायचं नाही. स्टेम सेलने हात उगवतो असे निरोप फोनवर येतात. सॅलॅमँडर हा पालीसारखा दिसणारा उभयचर प्राणी तुटलेल्या पायाच्या टोकावर शिवणीसारखी नवी टोपी तयार करतो, आपल्याला ते येत नाही, आणि त्या नावाने पैसे मागणाऱ्याला दारात उभं करू नका. यंत्रहाताचीही घाई नाही. पहिला साधा कृत्रिम हात बाळ बसायला लागल्यावर देतात, तोही तिला आवडला तर. जिल्ह्याच्या शासकीय रुग्णालयात लहान मुलांचं त्वरित उपचार केंद्र असतं. २०१३ साली पालघरला सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून तिथे तपासणी आणि व्यायाम मोफत मिळतात. आमची पुढची तारीख तिथलीच आहे.

परवा मुली पाच महिन्यांच्या झाल्या, हिशेबाने तीन. थोरली पाळण्यावरच्या चिमणाळ्याला उजव्या हाताने टोला देते. धाकटी डाव्याने देऊ बघत होती, पण तो पोचत नव्हता. भाचीने तिच्या बाजूच्या चिमण्यांचा दोरा चार बोटं खाली सोडला. आता तिचा टोला थोरलीपेक्षा नेमका बसतो.