मनोरुग्णसेवेचा मोबदला आणि दर्जा : पार्श्वभूमी

नागपूरचं सरकारी मनोरुग्णालय १८६४ सालचं. मंजूर खाटा ९४०. अशा रुग्णालयांचा पैसा पूर्वापार खाटा आणि पगारांच्या हिशेबाने आला. किती रुग्ण सावरून घरी गेले, याचा त्याच्याशी संबंध नव्हता. मनोरुग्णांविषयीच्या १९१२ आणि १९८७ च्या कायद्यांनीही तो जोडला नाही.

वळण आलं २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने. शारीरिक आजारांच्या बरोबरीने मानसिक आजारांनाही विमा देणं कंपन्यांवर बंधनकारक झालं. सप्टेंबर २०१८ मध्ये केंद्राची ‘आयुष्मान भारत’ आरोग्य विमा योजना आली. तीत मानसिक आजारांसाठी दिवसागणिक दर ठरले. शिवाय प्राथमिक मानांकन (दर्जाचं प्रमाणपत्र) असलेल्या रुग्णालयाला १० टक्के आणि पूर्ण मानांकन असलेल्याला १५ टक्के जास्त रक्कम. मानांकन मुख्यतः व्यवस्था, नोंदी आणि सुरक्षितता तपासतं. रुग्ण पुन्हा कामाला लागला का, हे त्यातून कळत नाही.

२०२३ मध्ये याच योजनेत रुग्णालयांची कामगिरी मोजायला पाच निकष ठरले : रुग्णाचं समाधान, पुन्हा भरतीचं प्रमाण, खिशातून झालेला खर्च, खऱ्या ठरलेल्या तक्रारी आणि जीवनमानातली सुधारणा. वादाचा निकष दुसरा. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेला तो चपखल बसतो. मानसिक आजारात मात्र तो दिशाभूल करतो, आणि विदर्भात हे जवळून दिसतं. गडचिरोलीतल्या भामरागडकडचा माणूस नागपुरात भरती होतो, काही आठवड्यांत सावरतो, केसपेपर आणि गोळ्या घेऊन एसटीने गावी जातो. गोळ्या संपल्या की मजुरी बुडवून कुणीतरी पुन्हा नागपूर गाठायचं. धानाच्या कापणीत ते राहून जातं. झोप उडते, आवाज ऐकू येऊ लागतात, पुन्हा भरती. यात वॉर्डातला उपचार चुकलेला नसतो, तरी ठपका रुग्णालयावरच. उलट ज्याला घरचे न्यायलाच येत नाहीत, तो वर्षानुवर्षं वॉर्डात राहतो आणि कधीच ‘पुन्हा भरती’ होत नाही. या निकषावर असं रुग्णालय उत्तम ठरतं! हे अन्यायाचं आहे.

इतर देशांतही मोजमाप सोपं गेलेलं नाही. ब्रिटनमध्ये २००४ पासून फॅमिली डॉक्टरांना दर्जानुसार जादा पैसे मिळू लागले. नैराश्याची तीव्रता प्रश्नावलीने मोजली की त्याचेही पैसे, हे २००६ मध्ये आलं आणि २०१३ मध्ये निघालं. अमेरिकेत डिस्चार्जनंतर ७ आणि ३० दिवसांत रुग्णाची पुढची तपासणी झाली का, हे आरोग्य विम्याच्या दर्जामापनात मोजतात. आपल्याकडे उपयोगी पडेल असं मोजमाप हेच, कारण ते रुग्णालयाला गावातल्या गोळ्यांची काळजी करायला लावतं.

आपल्या योजनेत मात्र डिस्चार्जनंतरचा खर्च फक्त १५ दिवसांचा धरलेला आहे. स्किझोफ्रेनियाच्या गोळ्या बहुतेकांना वर्षानुवर्षं घ्याव्या लागतात आणि ओपीडीतली तपासणी या दरात बसतच नाही.