डिशवॉशरचे रॅक घेण्याआधी ताट-वाटी मोजा

हुड मशीनला (वरचं झाकण उचलून भांडी आत सरकवायच्या मोठ्या डिशवॉशरला) साधारण ५० × ५० सें.मी.चा चौकोनी रॅक, म्हणजे भांडी लावायची जाळीदार चौकट, बसतो, काउंटरखालच्या लहान मशीनला बऱ्याचदा ४० × ४० चा. म्हणजे माप मशीन ठरवतं. प्रकार मात्र तुमच्या भांड्यांवरून ठरवायचा, आणि बडोद्यातल्या थाळीच्या हॉटेलांत गाडी अडते ती इथेच.

सगळ्यात जास्त त्रास वाटीचा. एका ताटात पाच-सहा वाट्या, त्याही हलक्या स्टीलच्या. खालून फवारा लागला की वाटी उलटते आणि दार उघडल्यावर कढीच्या तेलकट पाण्याने भरलेली मिळते. म्हणून वाट्यांसाठी बारीक जाळीचा सपाट रॅक घ्या, वाट्या पालथ्या आणि एकाच थरात लावा, वर झाकणाची जाळी ठेवा. जागा वाचवायला एकीवर एक चढवल्या, तर आतली वाटी खरकटीच बाहेर येते.

ताटांना खुंट्यांचा रॅक लागतो. पण खुंट्यांमधलं अंतर उथळ प्लेटच्या हिशेबाचं असतं. आपलं उंच काठाचं ताट प्रत्येक फटीत घातलं तर ताटं एकमेकांना चिकटतात आणि मध्ये पाणी शिरत नाही. एक ओळ सोडून लावा. एका फेरीत ताटं निम्मीच धुतली जातील, पण पुन्हा हाताने घासावी लागणार नाहीत. १३ इंची ताट उभं केलं की ३३ सें.मी. होतं, मशीनच्या दाराची उंची आधी मोजून घ्या.

ताकाच्या ग्लाससाठी कप्प्यांचा रॅक: २५ कप्प्यांत एक कप्पा सुमारे ८.७ सें.मी.चा, ३६ कप्प्यांत सुमारे ७.३ चा. काचेचा ग्लास रॅकच्या वर डोकावत असेल तर उंची वाढवणारी चौकट जोडा, नाहीतर थप्पी लावताना टवके उडतात. चमचे उभ्या डब्यात, खाण्याची बाजू वर.

भाजीच्या क्रेटवर काम भागवू नका. मशीनमध्ये शेवटी खंगाळायचं पाणी ८२ अंशांच्या वर असतं. साधं प्लास्टिक वाकतं आणि बंद बाजूंमुळे फवारा अडतो. पॉलिप्रोपिलीनचेच रॅक घ्या, आणि तेही तीन फेऱ्यांना पुरतील इतके: एक भरताना, एक मशीनमध्ये, एक निथळताना.

दुकानात येताना एक ताट, एक वाटी, एक ग्लास सोबत आणा. रोजच्या वापरातलेच आणा. पोचे पडून काठ वाकलेलं ताट नव्यासारखं खुंट्यांत बसत नाही. आम्ही रॅकमध्ये लावून दाखवू, मगच ऑर्डर द्या.