पार्श्वभूमी : नत्राची गोणी आणि नत्राची बाटली

नॅनो युरिया म्हणजे पानांवर फवारायचं, अतिसूक्ष्म कणांचं द्रवरूप नत्र खत. त्याची एक बाटली युरियाच्या एका गोणीची जागा घेते, या दाव्यावरचा वाद वरवर खताच्या किमतीचा आणि अनुदानाचा वाटतो. खरा प्रश्न मात्र पीक नत्र कुठून आणि किती घेतं, हा आहे.

मुळं नत्र उचलतात ते मुख्यतः नायट्रेट आणि अमोनियमच्या रूपात. रानात पडलेल्या युरियाचं मातीतल्या युरिएज विकरामुळे काही दिवसांत अमोनियम होतं, पुढे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. मुळांनी घेतलेलं नायट्रेट पिकाला पुन्हा अमोनियमपर्यंत आणावं लागतं, तेव्हा कुठे त्यातून अमिनो आम्लं आणि प्रथिनं बनतात. या वाटेवर गळती मोठी आहे. चुनखडीच्या काळ्या रानात वरवर फेकलेल्या युरियातला बराच नत्र अमोनिया होऊन उडतो, आणि भरमसाट पाणी दिलं की नायट्रेट मुळांखाली झिरपतं.

आजच्या प्रश्नाला धरून पाहिलं तर एप्रिल २०१० महत्त्वाचा. खतांवरचं सरकारी अनुदान त्यांतल्या अन्नद्रव्यांनुसार ठरू लागलं, पण युरिया त्याबाहेर ठेवला गेला. पुढे डीएपी (नत्र-स्फुरदाचं खत), पोटॅश महागलं, युरिया स्वस्तच राहिला आणि त्याचा मारा वाढला. २०१५ मध्ये सगळ्या युरियाला निंबोळी तेलाचं आवरण सक्तीचं झालं, २०१८ मध्ये गोणी ५० किलोवरून ४५ वर आली.

मग २०२१ मध्ये नॅनो युरियाला खत नियंत्रण आदेशात, म्हणजे कोणती खतं विकता येतील हे ठरवणाऱ्या केंद्राच्या आदेशात, जागा मिळाली. तेव्हाच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत ४ टक्के नत्र, म्हणजे २० ग्रॅम. ४५ किलोच्या गोणीत ४६ टक्क्यांनी २० किलो ७०० ग्रॅम. तरीही एक बाटली म्हणजे एक गोणी, असं सांगितलं गेलं. समर्थनाचा मुद्दा असा, की अतिसूक्ष्म कण पर्णरंध्रांतून थेट आत जातात, त्यामुळे मातीतली गळती टळते. गळतीचं म्हणणं खरंच आहे. पण गोणीतला साठ टक्के नत्र वाया गेला असं धरलं, तरी पिकाच्या वाट्याला आठ किलोहून जास्त येतो. बाटलीतला कणन् कण पानात मुरला तरी २० ग्रॅमच. एक किलो गव्हाच्या दाण्यांत साधारण तेवढा नत्र असतो.

पानातून नत्र देणं आपल्याकडे नवं नाही. फुलोऱ्यातल्या हरभऱ्यावर २ टक्के युरियाची फवारणी शेतकरी वर्षानुवर्षं करत आले आहेत. युरिया पानात शिरतो, तिथलंच युरिएज त्याचा अमोनिया करतं आणि तो लगेच ग्लुटामाइन या अमिनो आम्लात बांधला जातो. पण त्या फवाऱ्यात सव्वाशे लिटर पाण्यात अडीच किलो युरिया असतो, म्हणजे ११५० ग्रॅम नत्र. लिटरला ४ मिली घेतलं तर नॅनोची अख्खी बाटली तेवढ्याच पाण्यात जाते, आणि नत्र मात्र २० ग्रॅमच.

समर्थक ९४ पिकांवरच्या आणि ११ हजारांवर शेतकऱ्यांच्या रानांतल्या चाचण्या पुढे करतात, सरासरी ८ टक्के वाढ सांगतात. पण शिफारशीत पेरणीबरोबरचा नत्र जमिनीतूनच द्यायचा असतो, कमी करायचा तो वरखताचा, म्हणजे उभ्या पिकाला नंतर द्यायचा. अशा वेळी उत्पादन टिकलं, तर ते बाटलीमुळे की जमिनीतल्या नत्रामुळे, हे वरखत तसंच कमी केलेला पण बाटली न फवारलेला वाफा शेजारी असल्याशिवाय कळत नाही. पंजाबातल्या दोन वर्षांच्या चाचणीत शिफारशीची पूर्ण मात्रा दिलेल्या पिकापेक्षा नॅनोच्या गव्हाचं उत्पादन सुमारे २१, तर भाताचं १३ टक्के घटलं. दाण्यातला नत्रही कमी भरला.

२०२४ मध्ये नत्राचं प्रमाण वाढवलेल्या नॅनो युरियाला मान्यता मिळाली. तोवर गावोगावच्या कृषी सेवा केंद्रांत लिंकिंग सुरू झालं होतं. ऐन खरिपात युरियाची गोणी हवी तर सोबत बाटलीही घ्या, असं शेतकऱ्याला सांगितलं जातं. ज्या बाटलीने गोणीची गरज संपणार होती, ती गोणीच्या जोरावर विकली जाते, ही तक्रार रास्त आहे.