कुंडीखालची गोगलगाय वेगळी, घाटातली वेगळी

पावसाळा लागला की पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक फोटो हमखास येतो, काळपट चपटी बिनशंखाची गोगलगाय, आणि खाली ठरलेला सल्ला, मीठ टाका. मग जुलैत तीच मंडळी ताम्हिणीकडे जातात, ओल्या खोडावर बिनशंखाचं काही दिसलं की "अरे ही तर आपल्या बाल्कनीतली" म्हणून मोकळी. प्रत्येक वेळी तीच नसते हो.

बाल्कनीत बहुतेक वेळा लेविकॉलिस आल्टे असते, मूळची आफ्रिकेची, माणसांच्या मागे मागे कुठल्या कुठे पोचलेली. मरिएला डुसुमिएरी मात्र आपल्या पश्चिम घाटातली, महाराष्ट्रापासून थेट केरळपर्यंत.

रंगावर अजिबात जाऊ नका, पाठ बघा. लेविकॉलिसची अख्खी पाठ एकाच चामडी आवरणाखाली, बऱ्याचदा मधोमध फिकट रेघ, आणि कडेला श्वासाचं भोक शोधलंत तरी सापडायचं नाही. मरिएलाला पुढच्या भागात वेगळी ढाल असते, आत शंखाचा उरलेला पातळ तुकडा, आणि मागे शेपटीवर उभी कड. ढालीच्या उजव्या कडेकडे जरा वेळ बघत राहा, तिथलं बारीक भोक हळूच उघडतं, मिटतं, पुन्हा उघडतं, इतकं सुंदर दिसतं की चालणारा ग्रुप पुढे गेला तरी चालेल.

आता दुसरा गोंधळ. इथली म्हणजे दुर्मिळच असं लोक पटकन धरून चालतात, पण केरळात रबराच्या बागांमध्ये हीच मरिएला चीक खायला येते आणि तिथे ती कीड समजली जाते. उलट, रेड लिस्टमध्ये (जगभरातल्या कुठल्या जीवाला किती धोका आहे ते नोंदवणारी यादी) धोक्यातल्यांत नाव दिसलं नाही म्हणजे सगळं आलबेल, हेही चूक, कारण तपासून सुरक्षित ठरणं वेगळं आणि तपासलंच नसणं वेगळं, आणि आपल्याकडच्या जमिनीवरच्या कितीतरी गोगलगायी दुसऱ्या खात्यात आहेत. नकाशावर मरिएलाचा पट्टा लांबलचक दिसतो पण प्रत्यक्षात जगायला ओला पालापाचोळा लागतो, उन्हाळ्यात वणवा लागून डोंगरउतार जळला की तो आसराच जातो, आणि सरपटणारा जीव लांबून पुन्हा तिथे यायला किती काळ घेईल विचार करा. लेविकॉलिसचं तसं नाही, कोरड पडली की मातीत शिरते आणि बसून राहते.

त्यामुळे घाटात दिसली तर मीठ नको, पाठीचा आणि उजव्या कुशीचा असे दोन फोटो काढा, जागा-तारखेसकट आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या साइटवर टाका. हात लावू नका, गोगलगायींमध्ये उंदरांच्या फुफ्फुसातल्या जंताची पिल्लं असू शकतात आणि ती हातावाटे पोटात गेली तर माणसाच्या मेंदूपर्यंत जाऊ शकतात. बाल्कनीतल्या काढायच्या तर हातमोजे घाला, आणि प्लीज, दया आली म्हणून त्या पिशवीत भरून सिंहगडाच्या पायथ्याला सोडून येऊ नका.