आयात शुल्क आणि कारखान्यांतला रोजगार

परदेशी मालावर शुल्क बसवले की तो महाग होतो, देशी मालाला गिऱ्हाईक वाढते, बंद पडलेले कारखाने पुन्हा सुरू होतात आणि गेलेल्या नोकऱ्या परत येतात, असा एक सरळ हिशेब मांडला जातो. समोरच्या देशानेही उलट शुल्क लावले की त्याला व्यापारयुद्ध म्हणतात. या हिशेबातील पहिल्या दोन पायऱ्या बहुधा खऱ्या ठरतात, तिसरी अर्धीमुर्धी, आणि चौथीवर गाडी अडते. याचा सर्वांत तपशीलवार पुरावा अमेरिकेत सापडतो. तिथे हा प्रयोग वारंवार झाला आहे आणि त्याचे परिणाम मोजलेही गेले आहेत.

नोकऱ्या गेल्या कुठे

अमेरिकी कारखान्यांत १९७९ मध्ये सुमारे १.९५ कोटी माणसे कामाला होती. हा उच्चांक. २००० मध्ये हा आकडा १.७ कोटींच्या वर होता आणि २०१० च्या सुरुवातीला तो १.१५ कोटींवर आला. मधल्या काळात, डिसेंबर २००१ मध्ये, चीन जागतिक व्यापार संघटनेत दाखल झाला होता. चिनी आयातीने केलेले नुकसान खोटे नाही. १९९९ ते २०११ या काळात तिच्यामुळे सर्व क्षेत्रांत मिळून २० ते २४ लाख नोकऱ्या गेल्याचा अंदाज अर्थशास्त्रज्ञांनी मांडला आहे. त्यांपैकी थेट कारखान्यांतल्या सुमारे दहा लाख होत्या. पण त्याच काळात कारखान्यांतून एकूण गेलेल्या नोकऱ्या ५० लाखांहून जास्त आहेत. उरलेल्या घटीत मंदीचा वाटा आहे आणि यंत्रांचा फार मोठा.

ऑस्ट्रियातील डोनाविट्झच्या गिरणीत वर्षाला पाच लाख टन पोलादी तार निघते, आणि ती चालवायला १४ माणसे पुरतात. अशी गिरणी शुल्काच्या आधाराने कुठेही उभी केली तरी तिच्यासोबत १४ नोकऱ्याच येणार. उत्पादन परत आणणे आणि रोजगार परत आणणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि शुल्क पहिल्याला जेवढे उपयोगी पडते तेवढे दुसऱ्याला पडत नाही.

शुल्क भरतो कोण

शुल्क आयातदार भरतो: मालाचे सीमाशुल्कासाठी धरलेले मूल्य गुणिले दर. निर्यातदार देशाच्या तिजोरीतून काही जात नाही. निर्यातदाराने आपली किंमत उतरवली तर भार त्याच्याकडे सरकतो. पण २०१८-१९ च्या अमेरिकी शुल्कांचा अभ्यास केला तेव्हा परदेशी विक्रेत्यांनी किमती जवळपास उतरवल्याच नव्हत्या असे दिसले. भार आधी आयातदारावर पडला आणि मग थोडा दुकानदार व थोडा गिऱ्हाईक यांच्यात वाटला गेला.

कपडे धुण्याच्या यंत्रांचे उदाहरण

घरगुती वॉशिंग मशीनचे प्रकरण जवळून पाहण्याजोगे आहे. २०१२-१३ मध्ये दक्षिण कोरिया आणि मेक्सिकोतून येणाऱ्या यंत्रांवर अमेरिकेने डंपिंगविरोधी (म्हणजे माल वाजवीपेक्षा कमी भावात विकला जातो म्हणून लावायचे) शुल्क लावले, तेव्हा उत्पादन चीनला गेले. मग चीनवर लावले, तेव्हा ते थायलंड आणि व्हिएतनामला गेले. एकाच देशावर लावलेल्या शुल्काची गत बहुधा अशी होते. २००९ मध्ये चिनी टायरांवर ३५ टक्के शुल्क लावल्यावरही मागणी इतर आशियाई देशांकडे वळली होती.

शेवटी जानेवारी २०१८ मध्ये जवळजवळ सर्व देशांना एकच नियम लागू झाला. वर्षातल्या पहिल्या १२ लाख यंत्रांवर २० टक्के आणि त्यापुढच्या प्रत्येक यंत्रावर ५० टक्के. या वेळी पळायला जागा नव्हती. सॅमसंगने साउथ कॅरोलायनातील न्यूबेरीत आणि एलजीने टेनेसीतील क्लार्क्सव्हिलमध्ये उत्पादन सुरू केले. (दोन्ही कारखान्यांच्या घोषणा शुल्काआधीच्या. शुल्क येणार याचा अंदाज कंपन्यांना आला होता.) देशी कंपन्यांसह एकूण सुमारे १८०० नोकऱ्या वाढल्या.

किंमत मात्र प्रत्येक यंत्रामागे सुमारे १२ टक्के, म्हणजे ८६ डॉलर वाढली. गंमत अशी की कपडे वाळवण्याच्या यंत्रांवर शुल्क नव्हते, तरी तीही तेवढीच महाग झाली. दोन्ही यंत्रे जोडीने विकली जातात, त्यामुळे कंपन्यांनी वाढ दोन्हींवर पसरवली. देशी कंपन्यांनीही आपल्या किमती वाढवून घेतल्या. ग्राहकांवरचा बोजा वर्षाला दीडशे कोटी डॉलरहून थोडा जास्त, सरकारला मिळालेले शुल्क ८.२ कोटी. ते वजा करून भागाकार केला की एका नोकरीमागे वर्षाला सुमारे ८.१५ लाख डॉलर पडतात. त्या नोकरीचा पगार याच्या जवळपासही नाही.

कच्च्या मालावरचे शुल्क

सर्वांत जास्त गफलत इथे होते. मार्च २०१८ मध्ये पोलादावर २५ आणि ॲल्युमिनियमवर १० टक्के शुल्क लागले. पोलाद बनवणाऱ्यांपेक्षा पोलाद वापरणारे कामगार कितीतरी पटींनी जास्त आहेत. मिसुरीतील पॉपलर ब्लफच्या एका खिळ्यांच्या कारखान्याला मेक्सिकोतून येणाऱ्या तारेवर २५ टक्के भरावे लागले, पण परदेशात बनून आलेल्या खिळ्यांवर हे शुल्क नव्हते. भाव वाढवताच निम्म्याच्या आसपास ऑर्डरी गेल्या आणि सुमारे ५०० पैकी ६० जणांना जूनमध्येच घरी बसावे लागले.

याचे गणित सोपे आहे. समजा १०० डॉलरच्या खिळ्यांत ६० डॉलरची तार जाते. मजुरी, वीज, यंत्रांची झीज आणि नफा यांना ४० उरतात. तारेवर २५ टक्के म्हणजे १५ डॉलर वाढले आणि खिळ्यांचा भाव परदेशी मालामुळे १०० लाच अडकला, तर हातात २५ उरतात. म्हणजे कारखान्याच्या स्वतःच्या कमाईत ३७.५ टक्के घट. कागदावर खिळ्यांवर शून्य शुल्क, प्रत्यक्षात उणे संरक्षण.

सूट मागायची सोय होती, पण वेगळ्या जाडीच्या किंवा वेगळ्या प्रतीच्या मालासाठी वेगळा अर्ज, आणि त्यावर देशी उत्पादकाला हरकत घेण्याचा हक्क. या कारखान्याला सूट मिळाली ती २०१९ मध्ये. फेब्रुवारी २०२० पासून परदेशी खिळ्यांवरही शुल्क लावावे लागले. मग खिळे वापरणाऱ्यांचा खर्च वाढला. एका कडीवर शुल्क लावले की पुढच्या कडीवर लावण्याची वेळ येते ती अशी.

फेडरल रिझर्व्ह या अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या अर्थतज्ज्ञांनी २०१८ च्या शुल्कांचा उद्योगवार हिशेब केला. संरक्षणामुळे रोजगारात थोडी भर पडली. मात्र महाग कच्चा माल आणि परदेशी प्रत्युत्तर यांनी त्याहून जास्त घट केली.

प्रत्युत्तर आणि पळवाटा

प्रत्युत्तर देणारा देश राजकीयदृष्ट्या दुखरी जागा शोधतो. चीनने सोयाबीन गाठले, युरोपीय संघाने मोटरसायकली. हार्ले-डेव्हिडसनवरचे युरोपीय शुल्क ६ वरून ३१ टक्के झाले, तेव्हा कंपनीने युरोपसाठीचे उत्पादन अमेरिकेबाहेर हलवायचे ठरवले. अमेरिकी शेतकऱ्यांना २०१८ आणि २०१९ साठी सरकारने जाहीर केलेली मदत २८०० कोटी डॉलरपर्यंत गेली.

पळवाटा वर्गीकरणातून निघतात. हलक्या मालवाहू गाड्यांवर १९६४ पासून २५ टक्के शुल्क आहे, प्रवासी गाड्यांवर ते फक्त २.५ टक्के होते. म्हणून फोर्ड तुर्कस्तानातून आपल्या व्हॅन मागच्या आसनांसह प्रवासी गाड्या म्हणून आणत असे आणि सीमाशुल्क पार झाल्यावर ती आसने काढून टाकत असे. या वादात २०२४ मध्ये कंपनीने ३६.५ कोटी डॉलर भरून तडजोड केली.

कुठे जमते

१९८१ मध्ये जपानने अमेरिकेच्या दबावाखाली मोटारींची निर्यात वर्षाला १६.८ लाखांवर थांबवली. पुढच्या काळात होंडाने ओहायोत, निसानने टेनेसीत, टोयोटाने केंटकीत कारखाने उभे केले. होंडाचा निर्णय मर्यादेआधीचा होता, हे सोडले तरी परिणाम खरा आहे. मोटार अवजड, वाहतूक महाग, बाजार प्रचंड, आणि मर्यादा वर्षानुवर्षे टिकेल याची खात्री, हे सगळे तिथे एकत्र आले. तरी नवे कारखाने डेट्रॉइट या अमेरिकी मोटार उद्योगाच्या जुन्या केंद्रापासून दूर निघाले आणि तिथल्या बेकार कामगाराला त्याचा फारसा उपयोग झाला नाही.

यांतली शेवटची अट हल्ली सर्वांत आधी मोडते. एप्रिल २०२५ मध्ये चिनी मालावरचे वाढीव अमेरिकी शुल्क १४५ टक्क्यांपर्यंत गेले आणि मेच्या मध्यास ३० टक्क्यांवर उतरले. जमीन, परवाने, वीजजोडणी, यंत्रे आणि चाचणी उत्पादन धरून मोठ्या कारखान्याला तीन-चार वर्षे लागतात, आणि कर्ज त्याहून लांब मुदतीचे असते. शिवाय त्या कारखान्याच्या सांगाड्याचे पोलाद आणि आतली बरीच यंत्रे स्वतःच शुल्क भरून येतात.